पाणबुड्याचा वापरलेला संच

फुलचूरच्या नाक्यावर पंक्चर काढणारे गृहस्थ कोणतीही वस्तू पाण्यात बुडवून पाहिल्याखेरीज तिच्याविषयी मत देत नाहीत. फक्त मोबाइलवरील छायाचित्रांवर त्यांचा आंधळा विश्वास आहे. नवेगावच्या तलावाचा तळ पाहण्यासाठी त्यांनी पाणबुड्याचा वापरलेला श्वसनसंच असाच मागवला.

"जाणकाराला दाखवा. आत श्वास अडकला तर जीव जाईल," मी बजावले.

"काऊन भेऊन राहिले, गुरुजी? फोटोत तं एकदम चकाचक आहे!"

तरी सवयीने त्यांनी सिलिंडरमध्ये हवा भरली आणि नळी टबात बुडवली. प्रत्येक जोडातून बुडबुडे निघाले. मग त्यांनी नळी पुसून ठेवली.

"तळ काही पळून नाही चालला," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी संच विक्रीस काढला. जाहिरातीत लिहिले होते : "दिवाणखान्यात शोभेल. पाण्यात उतरू नये."