अल्पाकाचं नाक

थंड डोंगरातला लोकरीचा प्राणी वाळवंटात आणायचा, आणि कशासाठी? तर पोरांनी त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढावा म्हणून! अबुधाबीबाहेरच्या त्या फार्मवर मी याच रागाने गेले होते. प्राण्यांच्या हालांवर पत्रकं लिहायची आणि मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकायची, हा माझा उद्योग. फोटो हवे होते.

फोटो राहिलेच. अल्पाकाने चाऱ्याच्या पेंढ्यांत नाक खुपसलं आणि तो दचकून मागे उडाला. आतून करवत घासल्यासारखा आवाज येत होता. त्याची देखभाल करणारे काका रत्नागिरीकडचे. ते ओरडले, "फुरसं! विषारी साप आहे! ताई, मागं व्हा!" आणि त्यांनी अल्पाकाला ओढून लांब पायरीपाशी आणलं.

सुपरवायझर दोरी घेऊन धावला. "आधी बांधा!"

"नाकाला चावलंय, साहेब. बांधणार कुठं, गळ्याला?"

मी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते गाडीतूनच म्हणाले, "बांधू नका, कापू नका. आधी तोंडावरचा पट्टा काढा. हा प्राणी नाकानेच श्वास घेतो. नाक सुजून बंद झालं की खलास."

तोंड सुजायला लागलंच होतं, पट्टा मांसात रुतत होता.

"पट्टा नको, पळून जाईल," सुपरवायझर म्हणाला. "संध्याकाळी बर्थडेचं बुकिंग आहे!"

"मग बर्थडेला मेलेला अल्पाका देणार का?" म्हणत मी कात्रीने पट्टा कापला.

डॉक्टरांनी दोन बारीक सिरिंज शोधायला लावल्या. टोकं कापा, कडा गुळगुळीत करा, व्हॅसलीन लावा, नाकपुड्यांत हळूच सरकवा. कडा पायरीवर घासायला बसला कोण, तर सुपरवायझर. घाम पुसायलाही थांबला नाही. काकांनी मान धरली, मी नळ्या सरकवल्या. अल्पाका माझ्या घोषणा छापलेल्या टी-शर्टवर हिरवंगार थुंकला.

"हे तुमच्या पत्रकाला उत्तर," काका म्हणाले.

मग नळ्यांतून शिट्टीसारखा श्वास वाजला. आत, बाहेर. डॉक्टर पोचेपर्यंत आम्ही तिघं तेवढंच ऐकत बसलो.

"अजून धोका आहे," ते तपासून म्हणाले, "पण नाक उघडं आहे. यल्ला, चला, गाडीत घाला." विषावरचं औषध त्यांच्या दवाखान्यात होतं.

अल्पाका बरा होऊन परत आला तेव्हा मी पुन्हा गेले. नाकावर खपली, पण पट्टा नाही. बर्थडेची बुकिंगं अजून चालूच आहेत, आणि त्यावरचं माझं पत्रकही मी मागे घेतलेलं नाही. पण चारा आता उंच फळीवर होता. कुंपणाजवळचा पालापाचोळा साफ केलेला. दाराशी डब्यात कापलेल्या नळ्या, व्हॅसलीन, कात्री. सगळं सुपरवायझरनेच ठेवलेलं.

अल्पाका सरळ चाऱ्याच्या जुन्याच कोपऱ्यात गेला आणि त्याने नाक खाली घातलं.

"बघा ताई, हा काही सुधारायचा नाही!" काका म्हणाले.

तिथे आता नुसती झाडलेली वाळू होती. त्याने ती मनसोक्त हुंगली.