हातोडा डाव्याच हातात राहील: एक जुना फोटो घेऊन इगतपुरीला

चौदा महिने खपून केलेली गोष्ट कुणी दोन मिनिटांत 'उलटी आहे' म्हणालं, की माणसाचं डोकं फिरतं. माझं फिरलं. त्या तिरीमिरीतच मी इगतपुरीचं तिकीट काढलं.

आधी सांगते मी काय करते. नाशिकरोडला आमच्या बाहेरच्या खोलीत, जिथे इतरांकडे सोफा असतो, तिथे माझ्याकडे इगतपुरी स्टेशन आहे. सात फूट बाय अडीच फूट. प्लायवूड, सनबोर्ड, प्लास्टर, आणि जमिनीसाठी उकळून वाळवलेली चहापत्ती. माणसं पाऊण इंचाची. मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय भजन का? म्हटलं, नाही, मालगाडी.

ही सगळी इगतपुरी मी एका फोटोवरून बांधली. वाफेच्या इंजिनांच्या शेवटच्या दिवसांतला, तळहाताएवढा काळा-पांढरा फोटो. मालगाडीच्या वाघिणी उभ्या आहेत, मागे सिग्नलची केबिन, त्यामागे डोंगर, आणि वाघिणीशेजारी हातोडा घेऊन माझे वडील. गाडी थांबली की एकेका चाकावर हातोडा मारून आवाज ऐकायचा आणि चाकाला तडा आहे का ओळखायचं, हे त्यांचं काम. मी सहा वर्षांची असताना ते गेले. आई आम्हाला घेऊन नाशिकरोडला मामाकडे आली, ती परत त्या गावी गेली नाही. कामावरचा त्यांचा हा एकच फोटो.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी: जुना फोटो म्हणजे नुसती आठवण नाही, मोजपट्टी आहे. वडील पाच फूट चार इंच, हे आईकडून ठाऊक होतं. त्यांच्या उंचीवरून वाघीण मोजली, वाघिणीवरून केबिन, केबिनच्या विटांचे थर भिंगाखाली मोजून खिडक्या. आणि जे 'असायला हवं' ते करू नका, जे दिसतंय ते करा. पहिल्या खेपेला मी केबिन छान पिवळी रंगवली होती. फोटोत खिडकीखाली काजळीचे ओघळ, पत्र्याला गंज, पायरीवर कुणाची तरी चप्पल. ते सगळं केलं तेव्हा कुठे ती केबिन वाटली, नाहीतर केकच दिसत होती.

तर, गणपतीच्या आधी आमच्या हौशी मंडळींचं प्रदर्शन असतं. मांडणी ठरवणारे विश्वासराव घरी आले. निवृत्त इंजिनियर, माणूस सज्जन, पण स्वतःच्या मतावर भारी प्रेम. भिंगातून फोटो पाहिला, माझं मॉडेल पाहिलं आणि म्हणाले, "सुनंदाताई, घोटाळा झालाय. हातोडा डाव्या हातात आहे. छापताना निगेटिव्ह उलटी पडली. म्हणजे केबिन, डोंगर, रूळ, सगळं आरशातल्यासारखं उलटं झालंय तुमचं."

"माझे वडील डावखुरे असतील."

"जेवताना कुठला हात?"

जेवताना मला उजवाच आठवत होता.

"मग? वाघिणीवरचे आकडे असते तर कळलं असतं, पण ते मातीत बुडालेत. एक तर उलटवून घ्या, नाहीतर यंदा राहू द्या. चुकीचं मॉडेल मांडता येणार नाही."

ते गेल्यावर मी फोटो घेऊन आरशासमोर उभी राहिले. आरशातले वडील उजव्या हातात हातोडा घेऊन उभे, भांग दुसऱ्या बाजूला. प्रदर्शन गेलं खड्ड्यात, पण पन्नास-पंचावन्न वर्षं जो चेहरा बापाचा म्हणून डोळ्यांपुढे आणते तोच उलटा निघाला तर? त्या रात्री जेवण गेलं नाही मला. खोटं कशाला बोलू.

सकाळी ठरवलं. केबिन पाडली गेली असेल, रूळ बदलले असतील. डोंगराला कोण उलटवणार?

पहिला दिवस. धाकटी जाऊ शैला बरोबर आली. तिला रेल्वेत काडीचा रस नाही, तिला श्रावणातली इगतपुरी बघायची होती. नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडलीत तर तासाभरात पोचता, तिकीट वडापावाच्या भावात. गाडीनेच जा, घोटीपासून हायवेला ट्रकांच्या मागे धुक्यात गाडी चालवण्यात काही मजा नाही. देवळालीनंतर खिडकीतून नुसती भातखाचरं, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका. पावसाळ्यात छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. रेनकोट न्या, आणि फोटो दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.

इगतपुरीला उतरलो तर डोंगरच नाही! म्हणजे असणारच, पण धुकं असं की समोरच्या प्लॅटफॉर्मवरचा माणूस दिसेना. फलाटाच्या टोकाला जाऊन मी फोटो समोर धरून उभी राहिले. एक वर्दीवाला आला.

"ओ मॅडम, इथं फोटो काढायचा नाही."

"काढत नाहीये. काढलेला घेऊन आलेय."

त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं. "पिवळ्या पट्ट्याच्या मागं थांबा मग," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत चार खेपा झाल्या. धुकं जैसे थे. शैलाने तेवढ्यात तीन प्लेट कांदाभजी संपवली. "ताई, इथपर्यंत आलो तर धबधबा तरी बघू. डोंगर काय, उद्या पण तिथंच असेल." परतायचं ठरलं होतं, पण मी हटले नाही. स्टेशनासमोर साध्या लॉजवर खोली घेतली. चादरी दमट, गरम पाणी बादलीने, पण मालक भला. पावसाळ्यात आधी फोन करून जा, शनिवार-रविवारी मुंबईकर सगळं भरून टाकतात.

दुसरा दिवस. साडेसातला पुन्हा फलाटाच्या टोकाला. चहावाला आता ओळखू लागला होता. "आज उघडंल बघा थोडं," म्हणाला. आणि उघडलं! आधी विजेच्या तारा दिसल्या, मग झाडं, आणि मग एका बाजूने डोंगर वर येत गेला. मी फोटो डोळ्यांसमोर धरला. डावीकडे टोक, मध्ये खाच, उजवीकडे सपाट माथा. समोर डावीकडे टोक, मध्ये खाच, उजवीकडे सपाट माथा.

"सुलटा आहे!" मी एवढ्याने ओरडले की शैलाच्या हातातला चहा सांडला. "शैले, सुलटा आहे गं फोटो! माझे बाबा डावखुरे होते!" आणि मग भर फलाटावर मला रडू फुटलं. पाच-दहा मिनिटांत धुकं परत आलं. तेवढ्यात शैलाने मोबाइलवर चार फोटो मारून घेतले, वर्दीवाल्याकडे पाठ करून. त्या डोंगराचं नाव तिघांना विचारलं, तिघांनी तीन सांगितली.

चहावाल्याने फोटो हातात घेतला. "हे काम करणारं एक म्हातारं हाय अजून. दौलतमामा. दाखवा त्यान्ला, लय खूश होईल."

दौलतमामांचं घर स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, पण चढ आहे. पंच्याऐंशीच्या पुढचे, कानाला यंत्र, अंगात दोन स्वेटर. मी मॉडेलसाठी मोठा करून घेतलेला फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. बराच वेळ बघितला त्यांनी.

"डावऱ्या," म्हणाले. "तू डावऱ्याची पोर? सुनी?"

मी मान हलवली.

"जेवताना उजवा हात वापरायचे ते," मी मग म्हटलं.

"जेवायला उजवाच. आईनं लावली व्हती सवय. पण हातोडा डावा. साहेब म्हनला, सगळ्यांसारखा उजव्या हातात धर, नायतर बदली करीन. तुझा बाप म्हनला, चाकाला इचारा साहेब, कुठल्या हातानं मारलं ते." मामा खदाखदा हसले, मग खोकले. "बदली नाय झाली. त्याच्यासारखा कान कुनाचाच नव्हता."

मी मोबाइलवर मॉडेल दाखवलं. फोटोत इंजिन दिसत नाही, म्हणून वडिलांना मी अंदाजानेच इंजिनाशेजारच्या वाघिणीशी उभं केलं होतं. ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांच्या कपाळाला आठ्या.

"इंजिनाजवळ कशाला ठेवलंस त्याला? आमी उजवे. गाडी उजव्या अंगाला ठेवून इंजिनाकडनं मागं जायचो. त्याची गाडी डाव्या अंगाला, म्हनून तो गार्डाच्या डब्याकडनं पुढं यायचा. तो तिकडनं, मी इकडनं. मधी भेटलो की निम्मं काम झालेलं, मग बिडी." मोठ्या फोटोच्या उजव्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. "आन् माझा हातोडा कुठं गेला?"

"तुमचा हातोडा?"

"भेटलो तवाचाच फोटो हाय ह्यो. माझा हातोडा व्हता हितं, कडंला. मी नाय आलो फोटूत, हातोडा आला. त्यावरनं लय चिडवायचा मला."

मी पिशव्या सोडून मूळचा छोटा फोटो काढला. उजव्या कडेला एक आडवी पांढुरकी रेघ. मी तिला ओरखडा समजले होते. मोठा फोटो करताना स्टुडिओवाल्याला मीच सांगितलं होतं, तेवढा ओरखडा काढून टाक. 'दिसतंय ते करा' म्हणून तुम्हाला शहाणपण शिकवणारी मी, आणि समोर बसलेला जिवंत माणूस पुसून मोकळी झाले होते.

"चुकलं माझं, मामा," म्हटलं.

"आता बसव की मग," मामा म्हणाले. त्यांच्या सुनेने गुळाचा चहा दिला, निघताना पिशवीभर मक्याची कणसं बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

दुपारच्या गाडीने घरी. येतानाची गाडी उशिरा आली, हे वेगळं सांगायला नको.

आता केबिन तिथेच आहे, डोंगर तिथेच आहे. वडिलांना इंजिनापासून उचलून मधल्या वाघिणीशी आणलं, तोंड इंजिनाकडे. समोर पाऊण इंचाचे दौलतमामा बसवले, हातोडा उजव्या हातात. दोघांत बोटभर अंतर आहे. चौदा महिने माझे वडील तिथे एकटे उभे होते, ते मला आता बघवत नाही.

काल विश्वासराव आले. शैलाने काढलेला डोंगर आणि मूळ फोटो शेजारीशेजारी ठेवले. मानलं त्यांनी, मोकळेपणाने मानलं. मग म्हणाले, "तरी ताई, बघणारे विचारणारच. शेजारी एक पाटी लावू या, 'सदर कर्मचारी डावखुरा होता'. किंवा सरळ हातोडाच उजव्या हातात द्या. एवढ्याशा बाहुलीत काय फरक पडतो?"

"पाटी लावणार नाही," मी म्हटलं. "हातही बदलणार नाही."

"अहो, मग लोकांनी विचारलं तर सांगायचं काय?"

"सांगा, चाकाला विचारा."