मी म्हणेन तो शब्द म्हणा

कानाच्या क्लिनिकमध्ये चौदा वर्षं काढली की किस्से मागावे लागत नाहीत, आपोआप साठतात. मैत्रिणी भेटल्या की सुरू होतात, "ए, सांग ना तुझ्या पेशंटच्या गमती!" मी सांगते. त्या खो खो हसतात. पण खरं सांगू? यातल्या बहुतेक किश्शांत ऐकू न आलेली बाई मीच आहे. सांगता सांगता कान लाल होतात यार!

क्लिनिक मुलुंडला. आत काचेची एक बंद खोली. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेर माइकपाशी. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरायचा आणि एकेक शब्द बोलायचा. पेशंटने तो तसाच परत म्हणायचा. इतकी साधी टेस्ट. यात चूक कोण करणार?

* * *

आमच्या यादीत 'बस' हा शब्द होता. शहाकाका आत बसले होते, छान उत्तरं देत होते. मी म्हणाले, "बस." काकांनी हेडफोन काढला आणि आले बाहेर. "थई गयुं? झालं ना?"

समजावून परत आत बसवलं. परत "बस". परत काका बाहेर! तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला, "काका, एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

काका शांतपणे म्हणाले, "बेटा, तूच तर बोलते, बस!"

त्या दिवशी तो शब्द यादीतून काढला.

* * *

आमच्या रिसेप्शनवर रेश्मा असते. नियम असा, की तीन हाका मारायच्या, उत्तर आलं नाही तर नाव शेवटी टाकायचं. परब नावाचे एक गृहस्थ सकाळी दहाला येऊन बसले. एक वाजता काउंटरवर आले. "ताई, माझा नंबर कधी?"

"काका, तीनदा बोलावलं तुम्हाला! ॲबसेंट लागलीय."

परबांना ते दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "हाक ऐकू आली असती, तर मी इथे कशाला आलो असतो?"

रेश्माने माझ्या केबिनकडे बघितलं. नियम माझा होता. मी एक फाइल उघडली आणि त्यात तोंड घातलं. रिकामी होती फाइल!

* * *

कोकणातले एक आजोबा. उमेदीची वर्षं गिरणीच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे कान गेले असणार हे मी आधीच ठरवून टाकलेलं. मी म्हणाले, "मुलगा." आजोबा म्हणाले, "झील." चूक. "मुलगी." "चेडू." चूक. "भात." "शीत." चूक!

बाहेर येऊन त्यांच्या मुलाला गंभीरपणे सांगितलं, "शब्द ओळखण्याची ताकद खूपच कमी झालीय. मशीन लागेल."

मुलाने उत्तरांचा कागद बघितला. "मॅडम, हे सगळं बरोबर आहे की! झील म्हणजे मुलगाच ना!"

आजोबांनी टोपी नीट केली. "बाये, माझे कान बरे आसत. तुकाच मालवणी येना नाय." मग दारावरची माझ्या नावाची पाटी वाचून म्हणाले, "सावंतांचा चेडू ना गो तू?"

हो. माझं गाव मालवणपासून अर्ध्या तासावर.

* * *

एका आजींना प्रत्येक शब्दामागे एक गोष्ट आठवायची. 'साखर' म्हटलं की स्वतःचा साखरपुडा, 'गाडी' म्हटलं की बैलगाडी. मी वैतागले. "आजी, फक्त कानावर पडेल ते परत म्हणा. बाकी काही नको." आजींनी मान डोलावली.

तेवढ्यात रेश्मा चहा घेऊन आली. मी तिला म्हणाले, "या आजी फार डोकं खातात गं. उरकते पटकन."

आतून स्पीकरवर आजींचा स्वच्छ आवाज आला, "या आजी फार डोकं खातात गं. उरकते पटकन."

माइक चालू होता.

मी सॉरी म्हणायला आत गेले. आजी म्हणाल्या, "बरोबर आलं ना?"

* * *

आई माझ्याकडेच राहते. दिवसभर बोलून मी घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो. ती काही विचारते, मी मोबाइलमध्ये बघत पुटपुटते. ती म्हणते, "काय म्हणालीस?" मी म्हणते, "काही नाही, जाऊ दे."

बोरीवलीहून भावाचा फोन आला. "अगं, जगाचे कान तपासतेस. आईला ऐकू येत नाहीये, कळतंय का तुला?"

रविवारी क्लिनिक बंद असताना तिला घेऊन गेले. आत बसवलं, तोंडापुढे कागद धरला.

"पाऊल."

"पाऊल."

"दिवा."

"दिवा."

पूर्ण यादी झाली. आवाज कमी करून दुसरी यादीही वाचली. एकही शब्द चुकला नाही! मी दार उघडून आत गेले. "आई, तुझे कान ठणठणीत आहेत."

ती हेडफोन काढेना.

"संपले का गं शब्द? अजून असतील तर सांग ना."