काचेवरचं कुंकू

चाळिशी लागल्याचं बहुतेकांना पेपर वाचताना कळतं. मला ते हॅमिल्टनजवळच्या एका पिस्तूल क्लबात, लांबच्या कागदी वर्तुळाकडे बघताना कळलं. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक छोटा लोखंडी खुंट असतो आणि मागे एक खाच. खाचेतून खुंट, खुंटावर निशाण, असं सगळं एका रेषेत आणायचं, आणि नजर मात्र खुंटावर ठेवायची. एके दिवशी त्या खुंटाला केस फुटले. चष्मा काढला तर खुंट नीट दिसे, पण पलीकडचं वर्तुळ धुक्यात जाई. चष्मा लावला की वर्तुळ स्वच्छ आणि खुंट गायब. महिनाभर मी दोष कधी उजेडाला दिला, कधी काडतुसांना.

हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दुधाच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा इंजिनियर होतो. एका सहकाऱ्याबरोबर गंमत म्हणून क्लबात गेलो आणि अडकलो. आमच्या मराठी मंडळात हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्यात पिस्तूल म्हटलं की एक तर पोलीस आठवतो, नाही तर गुंड, आणि मी दोन्ही दिसत नव्हतो. बायको म्हणाली होती, "शनिवारी कुठे असतोस विचारलं तर मी गोल्फ सांगते हं." मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नसे, तरी दोन वर्षं मी मंडळात गोल्फर म्हणून वावरलो. लपवाछपवीची सवय तिथूनच लागली म्हणायची.

क्लबातले एक निवृत्त हेडमास्तर माझ्याकडे लक्ष ठेवून असत. उंच, लाल मानेचे, थंडीतही हाफ पँट आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. तेच बहुतेक शनिवारी रेंज ऑफिसर असायचे, म्हणजे कोण कधी उभं राहणार, कधी झाडणार आणि कधी थांबणार हे सगळं त्यांच्या शब्दावर. त्यांनी मला चष्मा वर-खाली करताना पाहिलं आणि म्हणाले, "मेट, तुझे हात ठीक आहेत. म्हातारे झालेत ते डोळे. रेड डॉट लाव."

रेड डॉट म्हणजे पिस्तुलावर बसवायची एक काच. आतला बारीक दिवा त्या काचेवर लाल ठिपका पाडतो. खुंट नाही, खाच नाही, ठिपका निशाणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. नजर निशाणावरच राहते, त्यामुळे चाळिशीवाल्यांना वरदान. मला मात्र ते काठी टेकत चालण्यासारखं वाटलं, आणि दोन-तीन आठवडे मी हट्टाने खुंटाशीच झुंजत राहिलो.

शेवटी दुकानात गेलो. दोन प्रकार होते. एक नळीसारखा, दोन्ही बाजूंना काच आणि दिवा आत बंद. जड आणि दिसायला बोजड. दुसरा उघडा, म्हणजे एकच तिरपी काच उभी आणि मागे छोट्या खळग्यात दिवा. हलका, सुबक. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "नळीवालाच घे. उघड्याच्या खळग्यात काय काय जाऊन बसतं." मी त्यांना वजन, गुरुत्वमध्य, धक्का असं सगळं इंजिनियरी पुराण ऐकवलं आणि उघडा घेतला. खरं कारण एवढंच की तो दिसायला झकास होता.

बसवताना मात्र मी जीव ओतला. स्पिरिटने पट्टी आणि स्क्रूची भोकं पुसली, तेलाचा अंश राहू दिला नाही. स्क्रूंच्या आट्यांना निळ्या डिंकाचा एकेक थेंब लावला, म्हणजे हादऱ्याने ते सैल पडत नाहीत. मग छोट्या ॲलन कीने आळीपाळीने, थोडं इकडे थोडं तिकडे असं आवळलं आणि रात्रभर सुकू दिलं. शनिवारी पाच-पाच गोळ्या झाडून, कागद बघून, बाजूचे बारीक स्क्रू टिकटिक फिरवत ठिपका आणि गोळी एका जागी आणली. पुढच्या काही महिन्यांत माझे गुण इतके सुधारले की शेजारच्या क्लबाविरुद्धच्या सामन्यासाठी मला संघात घेतलं. या देशात येऊन मला कुणी कशात निवडलं असेल तर नोकरीनंतर हेच. मी वरवर इथल्यासारखं "स्वीट ॲज", म्हणजे 'झकास', एवढंच म्हणालो. गाडीत बसल्यावर एकटाच हसत होतो.

त्या वर्षी आई आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती. वडिलांना विमान नको, म्हणून ते भावाकडे पुण्यातच राहिले. आईची पोस्टातली नोकरी झालेली. इंग्रजी तिला सगळं कळे, बोलायची मात्र जपून. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात खंडेनवमी आली. आईने पाट मांडला, त्यावर माझे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, सुनेचा लॅपटॉप, नातीची कंपासपेटी, स्वयंपाकघरातली सुरी. पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून आणलेलं कुंकू आणि हळद वाटीत, अक्षता, बागेतली फुलं.

मी देवधर्म न मानणारा. घरातल्या पूजेला मी प्रसादापुरता. पण त्या दिवशी आईने काही म्हणायच्या आत मी आपणहून तिजोरीकडे गेलो. पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली, वरचा भाग मागे ओढून उघडा अडकवला आणि पाटावर ठेवलं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मुठीला हळदी-कुंकवाची बोटं लावली. मग तिला ती काच दिसली. तेच कपाळ समजून तिने ठसठशीत कुंकू तिथे लावलं आणि वर अक्षता टाकल्या. मी हात जोडले. नुसते जोडले नाहीत, डोळे मिटून मनात म्हणालो, शनिवारी हात थरथरू देऊ नकोस.

पूजा झाल्यावर मी पिस्तूल पेटीत घालून पुन्हा कुलपात ठेवलं. आज पुसू नको, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक पंप बिघडला, आणि पुसायचं राहूनच गेलं.

शनिवारी आईला बरोबर नेलं. पोरगा कशात निवडला गेलाय ते तिला बघायचं होतं. मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ती शाल पांघरून, आवाज अडवणारे मोठाले मफ घेऊन बसली. हेडमास्तर येऊन तिला इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाले. सामना सुरू व्हायला वेळ होता, म्हणून तिने मफ मानेवर ओढले होते.

मी टेबलावर पेटी उघडली. काचेवर लाल थर, मुठीवर पिवळी-लाल बोटं. हेडमास्तर शेजारी तपासणीला उभे. त्यांनी पिस्तूल उचलून तिरकं केलं, आणि उघड्या भागातून एक तांदळाचा दाणा टेबलावर पडला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या क्लबाची माणसंही वळून बघायला लागली. साधं उत्तर होतं. आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतात, मी पुसायला विसरलो, सॉरी. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मला एकदम मी त्यांच्या डोळ्यांनी दिसलो. पिस्तुलापुढे डोळे मिटून हात जोडणारा एक काळा माणूस. मी म्हणालो, "माझी मुलगी. शाळेचं क्राफ्ट करत होती. रंग, तांदूळ, तसलं काहीतरी."

म्हणून झाल्यावर कळलं आपण काय बोललो ते. इथला नियम साधा आहे. पिस्तूल क्लबातच चालवायचं, घरी तिजोरीत ठेवायचं, आणि परवाना ज्याच्या नावावर त्याच्याखेरीज कुणाच्या हाती किल्ली लागता कामा नये. हेडमास्तरांचा आवाज उतरला. "तुझ्या मुलीच्या हातात हे पिस्तूल होतं? किती वर्षांची आहे ती?"

नऊ, मी म्हणालो. माझा परवाना जाणार, पिस्तूल जाणार, आणि ते सगळं माझ्या तोंडाने मीच घालवलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी जीभ रेटेना. चाळिशी उलटलेला मी, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा टेबलाकडे बघत उभा.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उठून आली होती. शाल सावरत ती हेडमास्तरांना म्हणाली, "नॉट द चाइल्ड. आय डिड. ही वॉज नॉट देअर."

पोराला ठाऊकच नव्हतं असं दाखवून त्याला खोटं पडू द्यायचं नाही, म्हणून तिने सगळं आपल्या अंगावर घेतलं. तिला काय ठाऊक, याहून वाईट उत्तर नाही! परवाना नसलेल्या बाईने, परवानाधारक घरात नसताना, तिजोरीतून पिस्तूल काढलं, असा त्याचा अर्थ होत होता. हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "फक्त माझ्याकडे. मीच काढलं. रिकामं होतं, दोनदा तपासलं. मी सगळा वेळ तिथे होतो. आमचा सण होता. आई पूजा करते, तिने लाल पूड लावली." एवढ्यावर भागेल असं वाटलं. पण ते अजून ऐकत उभे होते. "पूजा म्हणजे," मी म्हणालो, "मी त्याच्यापुढे हात जोडले. प्रार्थना केली. आज नेम नीट लागावा म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आई माझ्या कोपराला धरून उभी होती.

"मग हे पहिल्यांदाच सांगायला काय झालं होतं?" हेडमास्तर म्हणाले. मी तो तांदळाचा दाणा बोटाने उचलला. ते शांतपणे म्हणाले, "आज तू नेमबाजीच्या लाइनवर उभा राहणार नाहीस. पूजेमुळे नाही. एकाच गोष्टीच्या तीन हकिकती ऐकल्यावर मी कुणालाच लाइनवर उभा करत नाही. क्लबाचे सचिव तुझी तिजोरी बघायला येतील."

संघ एक माणूस कमी घेऊन खेळला आणि हरला. आम्ही शेवटपर्यंत बसलो, कारण आधी उठून जायची लाज वाटत होती आणि बसून राहायचीही. चहाच्या वेळी हेडमास्तरांनी आईला बिस्किटं आणून दिली. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलले, ते जास्त लागलं.

परतताना आई खिडकीतून गाई बघत होती. मग म्हणाली, "हात जोडले होतेस, ते सांगायला एवढं जड गेलं?"

"त्यांना ते विचित्र वाटलं असतं गं."

"पोरीच्या हातात पिस्तूल दिलं, हे नाही वाटलं विचित्र?" ती म्हणाली. आणि गाईंकडे बघतच, "नाव घ्यायचंच होतं तर माझं घ्यायचंस. मी काय, मार्चमध्ये परत जाणार."

मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यांत जास्त मला तेच बोचलं. काच मी घरी आल्या आल्या पुसायला घेतली. खळग्यातलं कुंकू टूथपिकने कोरून काढावं लागलं, तरी दिव्यापाशी एक कण राहिलाच. ठिपक्याभोवती नंतर कायम एक गुलाबी डाग दिसे. नळीवाल्यात हे झालं नसतं, हे हेडमास्तर कधीच बोलले नाहीत.

सचिव येणार म्हणून मुलीला सगळं सांगणं भाग होतं. तिला मराठी पुरतं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बट आय डिडन्ट डू एनीथिंग."

"हो," मी म्हणालो, "तू काहीच केलं नाहीस."

"मग माझं नाव का?" हे ती मराठीत म्हणाली. मी तिजोरीसमोरचा पसारा आवरायला लागलो. सचिवांनी तिजोरी पाहिली, किल्ली माझ्याच खिशात असते हे पाहिलं, आणि परवाना राहिला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला आई पुण्यात होती. सकाळीच फोनवरून तिने सगळं बजावलं. मी पाट मांडला. पिस्तूल तिजोरीतच राहू दिलं, पाटावर फक्त ती छोटी ॲलन की ठेवली. मुलगी कुंकवाची वाटी घेऊन आली. आजीने शिकवल्याप्रमाणे तिने नीट बोट बुडवलं, त्या ॲलन कीवर टेकवलं, आणि बोट तसंच वर धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, इफ समबडी आस्क्स, हू डिड दिस? काय सांगायचं?"

ती चेष्टेनेच विचारत होती. मी हात जोडलेले होते. "बाबांनी केलं, म्हणून सांग," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, आणि खात्री करून घ्यावी तसं पुन्हा विचारलं, "प्रॉमिस?"