सतरा नंबरचं पत्र

महामायाताई सोनकांबळे पेपर तपासायला बसल्या की आधी पेन पर्समध्ये टाकतात आणि पर्सची चेन लावतात. मग पेपर वाचायला घेतात. पहिल्या वर्षी आम्ही एकाच टेबलावर बसून तपासलं, तेव्हा मला वाटलं, बाई पेन विसरून आल्या, म्हणून मी माझं पुढं केलं. तर म्हणाल्या, राहू दे, पहिलं वाचन पाहुण्यासारखं करावं, आल्या आल्या कुणाच्या घरातली जळमटं मोजू नयेत. दुसऱ्या वाचनाला मात्र हिरव्या शाईचं पेन निघतं आणि एक जळमट सुटत नाही. असा एकेक पेपर दोनदा. मी एकदाच वाचते आणि तेवढ्यात माझं डोकं उठतं. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना नवल वाटायचं नाही.

मी कमरुन्निसा. लातूरला नर्सिंग झालेल्या पोरापोरींना जर्मन शिकवते. शिकून ती तिकडच्या दवाखान्यांत नोकरीला जातात. आमच्या क्लासचे मालक माणिकप्पा दरवर्षी शेवटी वरच्या पातळीची एक परीक्षा घेतात. मराठीतून जर्मन भाषांतर पन्नास मार्कांचं, जर्मन पत्र पन्नास मार्कांचं. शंभरात साठ पडले तर नाव जर्मनीला जातं. एकोणसाठ पडले तर वर्षभर थांबा, आणि वर्षानं जागा शिल्लक राहील का, ते कुणी सांगावं. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर. तपासणाऱ्या दोघी: एक घरची, म्हणजे मी, आणि एक बाहेरची, म्हणजे नांदेडच्या ताई. आता झेरॉक्स घेऊन आपापल्या घरी तपासायचं, मार्कांचा कागद पाकिटात बंद करायचा आणि मध्यावर अहमदपूरला भेटायचं. तिथं स्टँडसमोर नागप्पाचं हॉटेल आहे, चुरमुऱ्यांचा सुशीला झकास करतो. पाकिटं दोघींनी एकदमच फोडायची, हा ताईंचा नियम. एखाद्या पेपरात दहापेक्षा जास्त फरक निघाला, तर एका आकड्यावर जुळेपर्यंत उठायचं नाही, हाही ताईंचाच.

ताई मूळच्या रेणापूरकडच्या. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी लेकीला हैदराबादला शिकायला ठेवलं, इंग्रजी घे म्हणून. इंग्रजीचा वर्ग खच्चून भरलेला, शेजारी जर्मनच्या वर्गात बाकं रिकामी आणि पंखा चालू. ही बाई पंख्याखाली जाऊन बसली ती बसलीच. घरी पत्रानं कळवलं. वडिलांचं उलट टपाली उत्तर आलं, की भाषा कुणाच्या बापाची नसते, शीक, फक्त अर्धवट सोडू नको. आज त्या बासष्ट वर्षांच्या आहेत. तीस वर्षं नांदेडला शिकवून निवृत्त झाल्या, पण गल्लीत अजून कुणाकडं जर्मन मशीन आलं की माहितीचं पुस्तक घेऊन लोक त्यांच्याकडंच येतात. अर्धापूरच्या एका केळीवाल्याला तर त्यांनी सगळं पुस्तक मराठीत करून दिलं, शेवटच्या पानावरच्या पत्त्यासकट. तेव्हापासून तो त्यांना केळी विकत घेऊ देत नाही. त्यामुळं अहमदपूरला येताना ताईंच्या पिशवीत एका बाजूला पेपर आणि एका बाजूला केळी असतात, आणि त्यांचे पेपर नेहमी केळ्याच्या वासाचे असतात.

यंदा मार्चमध्ये आम्ही अशाच भेटलो. एकवीस पेपर होते. निकालाची यादी पाच वाजेपर्यंत माणिकप्पांना कळवायची होती. पत्राचा प्रश्न असा होता: तुम्ही वॉर्डवर काम करता. एका पेशंटबाईच्या मुलीनं लेखी तक्रार केली आहे, की माझ्या आईला दुपारचं जेवण दोन तास उशिरा मिळालं. तिला उत्तर लिहा.

आता खरं बोलायचं तर हा प्रश्न येणार, हा माझा अंदाज होता. लातूरचा पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि मी त्याच पॅटर्नची पैदास. तक्रारीला उत्तर म्हणून मी एक सोन्यासारखं पत्र तयार करून ठेवलं होतं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, प्रकरणाची चौकशी करू, सेवेत सुधारणा करू, आपली नम्र. एक चूक दाखवा, बांगड्या फोडीन. महिनाभर सगळ्यांकडून घोकून घेतलं. वीस जणांनी ते कानामात्रेसकट उतरवलं होतं. मी सगळ्यांना बेचाळीस दिले, आपला तो बाब्या. ताईंनी सगळ्यांना पस्तीस. पाकिटं फोडल्यावर मी विचारलं, वीसही जणांना पस्तीसच कसे? तर म्हणाल्या, पत्र एकच आहे, मार्कही एकच. वर केळं सोलून माझ्या हातात दिलं. मला राग आला, पण केळं खाल्लं. फरक सातचाच होता, भाषांतरही बरं होतं, ती पोरं पास झाली.

घोडं अडलं सतरा नंबरवर.

भाषांतराला दोघींचेही तेहतीस. पत्राला माझे एकोणीस, ताईंचे बत्तीस. म्हणजे माझ्या हिशेबानं बावन्न, नापास. ताईंच्या हिशेबानं पासष्ट. मी म्हणाले, ताई, हे पत्र आहे का? सतरा नंबरनं चक्क खुशालीपासून सुरुवात केलेली. आपल्याकडं शाळेत शिकवायचे ना, पत्र लिहिण्यास कारण की, तसं. तक्रार राहिली बाजूला, हा अर्धं पान आईची तब्येत सांगून राहिला. आणि शेवटी काय, तर घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. जर्मनीतल्या बाईला, जर्मनमध्ये! तिकडची माणसं कपाळाला हात लावतील. माझ्या पत्रातली एक ओळ नाही. महिनाभर ओरडून माझा घसा बसला, तो काय पालथ्या घड्यावर पाणी घालायला?

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, नमस्कार-आशीर्वादाचे तीन मार्क मीही कापलेत. लांबण लावली, त्याचेही कापलेत. वाक्यं साधी आहेत, त्याचेही कापलेत. मी चिडून म्हणाले, मग उरलं काय बत्तीस द्यायला? त्यांनी बशी बाजूला सारली, सतरा नंबरचा पेपर समोर घेतला आणि पर्सची चेन लावली.

"कमर, आता तू मास्तरीण नाहीस," त्या म्हणाल्या. "तू तक्रार करणारी मुलगी. तुझी आई तिथं पडलेली आहे. मी वाचते, तू ऐक."

आणि त्यांनी ते जर्मन पत्र मराठीत करत करत, हळूहळू वाचलं.

"बाई, नमस्कार. आधी आईंचं सांगतो. आज सकाळी त्यांनी अर्धी वाटी सूप घेतलं. गुडघा दुखत होता, पण नंतर झोप लागली. त्यांना खिडकीजवळची खाट हवी आहे, ती उद्या मोकळी होईल. आता तुमची तक्रार. तुम्ही लिहिलं ते खरं आहे. उशीर माझ्याकडून झाला. शेजारच्या आजोबांचे हात थरथरतात, त्यांना मी भरवत होतो. आईंचं ताट टेबलावर राहून गेलं. त्यांनी मला हाक मारली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. उद्यापासून मी आधी त्यांच्याकडं जाईन."

मी नागप्पाच्या हॉटेलात, चार लोकांच्या देखत, ओढणीनं डोळे पुसले. दोन वर्षांपूर्वी माझी अम्मी एका दवाखान्यात अकरा दिवस होती. एकदा सकाळपासून दुपारपर्यंत तिची ओली चादर कुणी बदलली नव्हती. मी तक्रार लिहिली होती, चांगली दोन पानं. आठ दिवसांनी उत्तर आलं होतं, छापील, तीन ओळींचं. आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. एक चूक नव्हती त्यात. मी तो कागद फाडून चुलीत घातला होता आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. अम्मी आता ठणठणीत आहे, मलाच दटावते, पण त्या तीन ओळींचा राग माझा अजून गेला नव्हता. आणि तेच पत्र जर्मन करून मी वीस पोरांना पाठ करायला लावलं होतं. लाज वाटली मला. अशी लाज मला सहसा वाटत नाही.

त्या अकरा दिवसांतले पाच दिवस डबा घेऊन नांदेडहून ताईच आल्या होत्या, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी नुसतं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. मी म्हणाले, ताई, बत्तीस मात्र जास्त होतात, लांबण लईच आहे. त्या हसायला लागल्या. अर्धा तास पुन्हा ओढाताण झाली. मी दीड-दीड मार्कानं वर चढले, त्या एकेक मार्कानं खाली उतरल्या, आणि अठ्ठावीसवर जुळलं. भाषांतराचे तेहतीस धरून एकसष्ट. माझे एकोणीस मी माझ्याच हातानं खोडले आणि सही केली. साडेचारला यादी माणिकप्पांना गेली. ताईंनी उरलेली केळी नागप्पाच्या गल्ल्यावर ठेवली आणि नांदेडची गाडी पकडली.

नंबराचं नाव नंतर कळलं. व्यंकटी, देगलूरचा. घरी तेलुगू, शाळा मराठी, दवाखान्यात सात वर्षं पेशंटांचं करून राहिलेला. वर्गात ते पत्र त्याला कधीच पाठ झालं नाही आणि मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुझ्यानं चार ओळी होईनात, तू काय जर्मनीला जाणार.

निकाल मीच सगळ्यांना फोनवर सांगते. त्याला एकसष्ट सांगितले. तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं तसं पत्र न्हाई आलं मला. रागावू नका. मला ती बाईच दिसून राहिली होती समोर."



"व्यंकटी," मी म्हणाले, "तुझं पत्र पोचलं मला."

त्याला काही कळलं नसावं. तो आपला, हाव मॅडम, म्हणाला.