उरलेल्या गोळ्या

आज ना उद्या आपल्या लेकीला, तहसीनला, कोणीतरी मारणार, हे शमसुन्निसाच्या मनातून जात नव्हतं. पोरीचा गुन्हा काय, तर ती मरणाऱ्या माणसांच्या दुखण्यावरचं औषध विकायची.

बाप गेल्यावर ब्रह्मपुरीतलं मेडिकल तहसीनने हाती घेतलं. नागपूरला खेटे घालून मॉर्फिनच्या गोळ्या ठेवायचा परवाना आणला. आसपास तो दुसऱ्या कोणाकडे नव्हता. कॅन्सरवाल्यांचे नातेवाईक तिच्याकडे येत, पण वैदू, अंगारा, मोठं इस्पितळ सगळं करून, अगदी शेवटी. पंधरा दिवसांत माणूस जायचा, आणि बोट तहसीनच्या गोळीकडे जायचं.

त्यात तिची शिस्त. इकडे मेलेल्याचं अंथरूण-पांघरूण औषधासकट नदीवर टाकतात. त्या गोळ्या पोराबाळांच्या हाती लागू नयेत म्हणून ती लुना काढून सुतकातल्या घरी जायची आणि उरलेल्या परत मागायची.

परवा जवळच्या खेड्यात, नुकत्याच वारलेल्या भागीरथाबाईंच्या दारात त्यांचा पुतण्या, किराणावाला गुणवंतराव, याने लुनाची चावीच उपसून घेतली.

"मढं उचललं नाई का आली गिधाडावानी. काकूले खाल्लं, आता कोणाचा नंबर?"

"गोळ्या द्या भाऊ, मी जाते."

"पुन्हा गावात दिसशीन तं तंगडं मोडीन."

चावी त्याने उकिरड्यावर भिरकावली. तहसीनने ती हातांनी चाचपून शोधली, घरी आली, हात धुतले आणि पोटभर जेवली. शमसुन्निसाला गुणवंतरावाइतकाच त्या जेवणाचाही राग आला.

आज दुपारी शमसुन्निसा दुकानात एकटी असताना त्याच गावचा प्रवीण आला. त्याच्या बापाला, लटारूला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने जबड्याचा कॅन्सर झालेला.

"बाबाच्या गोळ्या सरल्या, अम्मा."

गोळ्या मागच्या कपाटात होत्या. शमसुन्निसा म्हणाली, "माल नाही आला. आणि तुमचं गाव त्याला विष म्हणतं ना? मग काऊन आला?"

"गाव म्हणते. बाबा नाई म्हणत. आता तो वरडत बी नाई. उशी चावते."

आणि सायकल वळवून निघून गेला.

संध्याकाळी तहसीनने कपाट उघडलं, एक पाकीट बाजूला काढलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

"लटारूभाऊचा प्रवीण अजून नाही आला. मीच देऊन येते, अम्मी."

"त्याच गावात?"

"लटारूभाऊ दुसऱ्या गावात राहते का?"

तिने लुनाची चावी उचलली. शमसुन्निसाने तिचं मनगट धरलं. "थांब. आला होता तो. मीच खोटं बोलून परत पाठवला."

तहसीन मनगट सोडवायला लागली. "मग तर जायलाच पाहिजे."

"तू नाही. प्रवीणच येईल."

त्या गावात फोन एकच होता, गुणवंतरावाच्या दुकानात. ज्याच्या नावाने शमसुन्निसा दोन दिवस बोटं मोडत होती, त्यालाच आता म्हणायचं होतं, भाऊ, तेवढा प्रवीणला निरोप द्या. तो शिव्या देईल. देऊ दे. फोन आपटला तर पुन्हा लावायचा.

तिने तहसीनच्या हातातली लुनाची चावी काढून आपल्या मुठीत घेतली.

"नंबर सांग," ती म्हणाली.