विजयमालाने सांगितलेला रंग

आकाराम हवालदाराला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको विजयमाला. तिला ते कळलं लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत. पिकल्या मिरच्या तोडायला दोघं रानात गेली आणि त्याने पाटीभर हिरव्यागार मिरच्या तोडून ठेवल्या. ती हसली. त्याने बांधावरच तिच्या कानाखाली वाजवली. डोळे तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याने फौजेतल्या भरतीआधी एका जुन्या जवानाकडून पानापानाने पाठ करून घेतले होते.

"कुठं बोललीस तर जीभ हासडीन," तो म्हणाला.

ती कुठे बोलली नाही.

पेन्शनीवर आल्यावर चार वर्षं तो पाचगणीत एका बाईंच्या कुंभारकामाच्या स्टुडिओत भट्टी सांभाळायला राहिला. तिथे एक लाल वाडगा काचेच्या कपाटात ठेवलेला असे. बघणारे त्याच्यापुढे तोंडात बोट घालत. आकारामला तो मातकट दिसायचा, पण लोकांचं थांबणं दिसायचं. त्याने बाईंना कृती विचारली. बाई हसून म्हणाल्या, "हवालदार, हा रंग भल्याभल्यांना जमत नाही." महिन्याभरात काम सोडून तो कोरेगावजवळच्या आपल्या गावी आला. परड्यातली विजयमालाची दोन्ही दुभती म्हसरं विकली, गोठ्यावर नवा पत्रा घातला आणि आत गॅसची भट्टी बांधली.

त्या लाल वाडग्याच्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, तांबं असतं. भट्टीत मोकळी हवा खेळली तर ते हिरवं होतं. ऐन तापात हवा कोंडून धुरात भाजलं तर लाल होतं. आकाराम मातीच्या अंगठ्याएवढ्या टिकल्या करायचा, प्रत्येकीवर आकडा कोरायचा, वेगवेगळी झिलई लावून भाजायचा. एक दिवस भट्टी निवू द्यायची आणि मग सकाळी विजयमालाला हाक मारायची. गोठ्यात दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नसे.

"सात नंबर?"

"हिरवा."

"आठ?"

"हिरवाच. कडंला जरा काळा."

तो वहीत लिहून टिकली तारेत ओवायचा.

त्यांची एकुलती मुलगी शिवांजली. कराडला शिकत असताना तिने जतकडच्या अमृतशी लग्न केलं. पोरगा मेंढपाळाच्या घरातला, शिकून बँकेत लागलेला. आकारामने बातमी ऐकली आणि दहाव्या दिवशी डोकं भादरून, नदीवर जाऊन जित्या पोरीचा दहावा घातला. भावकी जेवायला बसवली. जेवण विजयमालाला रांधायला लावलं. पंगतीत तो तिला म्हणाला, "वाढ नीट. पोरगी गेलीया म्हणून हात आखडू नगं."

दीड वर्षाने शिवांजली सहा महिन्यांचं बाळ घेऊन दारात आली. आकाराम गोठ्यापुढे टिकल्या घासत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"कोण बाई हाय गं ती? भाकरतुकडा दे आन् वाटंला लाव."

विजयमाला आत गेली. दुरडीतली भाकरी घेऊन बाहेर आली आणि तिने ती खरोखरच पोरीपुढे धरली. आपण असं का केलं, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. शिवांजलीने भाकरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढून ती एसटीच्या थांब्याकडे निघून गेली.

त्याच आठवड्यात भट्टी उघडली आणि सगळ्या टिकल्या लाल निघाल्या. डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून उजेड असलेला लाल. विजयमालाच्या अंगावर काटा आला.

"एकेचाळीस नंबर?"

"हिरवा," ती म्हणाली.

"बेचाळीस?"

"हिरवा."

त्याने टिकली नाकाशी धरली, पालथी केली, उन्हात नेली. मग वहीत लिहून त्याने चांगलं जमलेलं मिश्रण बदलून टाकलं.

हे अडीच वर्षं चाललं. कधी लाल येई, कधी हिरवा. विजयमालाचं उत्तर एकच. आकाराम वाळला. भट्टीत वाकून वाकून त्याच्या भुवया जळाल्या, रात्री खोकला लागे. एकदा तो चुलीपाशी बसून म्हणाला, "माझ्या हातातच खोट हाय का गं?" तिने त्याच्या ताटात आमटी वाढली. बरं वाटलं तिला. इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच तिला भीती वाटली.

मग पाचगणीच्या स्टुडिओतला जुना सोबती पृथ्वीराज न सांगता आला आणि हाका मारत थेट गोठ्यात शिरला. तारांत ओवलेल्या टिकल्या बघून जागीच थांबला.

"हवालदार, लाल काढलात की गड्या! आन् कुणाला पत्ता न्हाई?"

आकारामने बायकोकडे पाहिलं. गुपित फुटू नये म्हणून हसला. "व्हय, जमलं थोडं," म्हणाला. पाहुण्याला चहा पाजून एसटीत बसवलं आणि परत आला.

"कवापासनं?"

"शिवा दारात आल्याली, तवापासनं."

त्याचा हात उठला.

"मारा की," ती म्हणाली. "मग कुठली लाल, कुठली हिरवी, ते कुणाला इचारणार?"

हात खाली आला. वहीत तर सगळीकडे हिरवाच लिहिलेला.

"सांग," तो म्हणाला.

"आधी शिवाला फोन लावा. घरी ये म्हणा."

नंबर तिला तोंडपाठ होता. त्याने फोन लावला. पलीकडून शिवांजलीचा आवाज आला, मागे लेकराचा.

"मी आकाराम बोलतोय. घरी ये म्हणती तुझी आई."

शिवांजली म्हणाली, "त्या घरात माझं कुणी नाही. भाकरी देणारीही नाही." आणि फोन ठेवला.

विजयमाला भिंतीला टेकली. आकारामने फोन खिशात घातला.

"लावला. आता सांग, कुठली?"

तिने डोळे पुसले, तार चाचपली आणि एक टिकली काढून दिली.

"ही. एकशे तेवीस नंबर."

त्याने एकशे तेवीसच्या कृतीने चाळीस वाडगे भाजले, उसाच्या पाचटात बांधले आणि साताऱ्याच्या प्रदर्शनात नेऊन मांडले. वर पाटी लावली: तांब्याचा अस्सल लाल. पहिल्याच बाईने विचारलं, "काका, पाटी चुकून लागली का? हे तर शेवाळी आहेत." दुसरा हसला. तिसऱ्याने वाडगा त्याच्या डोळ्यांपुढे धरून विचारलं, "आजोबा, हा रंग कुठला? सांगा बरं." तिथे गावचे दोघे-तिघे होते. हवालदाराला रंगच कळत नाहीत, ही गोष्ट तो घरी पोचायच्या आधी गावात पोचली.

त्याने तिला मारलं नाही. नुसता जेवायला बसला. पुढे भट्टी भंगारात गेली. आता पारावर कुणीही उठतं आणि अंगातला सदरा दाखवून विचारतं, "हवालदार, रंग?" तो मान खाली घालून जातो. विजयमाला दारातून ऐकते, त्यांना गप्प करत नाही.

शिवांजलीने नंबर बदलला आहे. विजयमाला रोज दुपारी जुनाच लावून बघते.